धोका आढळला नाही

संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरे झळकली: दोनशे बारा धोके आढळले. त्याखाली बटण होते. धोके काढायचे असतील तर पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागणार होती.

अकीलभाई समाधानाने हसले. "पाह्यलं? कालच सगळं पुसून नवीन भरलं. आत अजून आपली एक फाईल नाही. मग हे दोनशे बारा आले कुठून?"

त्यांच्या लेकीने, मलिहाने, खांदे उडवले. मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने तिचा बी.एस्सी.चा प्रकल्प गिळला होता. तो पुन्हा लिहायला बसण्यापूर्वी फुकटचा एखादा भरवशाचा अँटिव्हायरस निवडायचा होता. अकीलभाईंचा जाहिरातींवर विश्वास नव्हता. ते रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि बीटी बियाणे आले त्या वर्षापासून डोणगावात कृषी सेवा केंद्र चालवत होते. त्यांनी रीतसर चाचणी आखली होती. प्रत्येक अँटिव्हायरस आधी स्वच्छ संगणकावर तपासायचा, मग त्या दूषित पेन ड्राइव्हवर. पहिला बाद झाला. दुसऱ्यानेही रिकाम्या घरात चोर पाहिले. तोही बाद.

दुकान पुढे, घर मागे. नेहमीचे गिऱ्हाईक शेषराव दुकानातून सरळ आत आले. हातात कपाशीचे पान होते.

"बोंडाले अळी नाही, बीटी हाय," ते म्हणाले. "पण पानाखाली काहीतरी हलून राह्यलं. कोणतं मारू? मागच्या फवारणीनं तर रातभर उलट्या झाल्या मले. डोळ्यापुढं अंधारी आली."

"तोंडाले फडकं बांधत जा. बसा, देतो काढून." अकीलभाईंनी पान टेबलावर ठेवले आणि तिसरा अँटिव्हायरस सुरू केला.

धोका आढळला नाही, असे त्याने साध्या काळ्या अक्षरांत कळवले.

"याला काहीच दिसत नाही, अब्बा."

"खरा आहे की आंधळा, ते आता कळंल." त्यांनी पेन ड्राइव्ह जोडला. तिसऱ्याने व्हायरस तत्काळ पकडला, नावानिशी.

"हाच ठेव," अकीलभाई म्हणाले. "असलेलं सोडत नाही अन् नसलेलं दाखवत नाही. बाकीचे नुसती भीती विकतात." ते उठले आणि शेषरावांसाठी दुकानातून कीटकनाशकाची बाटली घेऊन आले.

"अब्बा," मलिहाने विचारले, "कोण्या गिऱ्हाइकाचं पान पाहून तुम्ही 'काही नाही' म्हटलंय कधी?"

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तिने चाचणी एका नमुन्याने वाढवली होती, इतकेच.

अकीलभाईंनी बाटली खाली ठेवली. आठवून पाहिले. असे एकही पान आठवेना. त्यांनी खणातून भिंग काढले, पान उलटे केले आणि आजवर कुठल्याच गिऱ्हाइकासाठी पाहिले नव्हते इतक्या निगुतीने पाहिले. रस शोषणारा मावा होता, पण तुरळक. त्याच्यामध्ये ढालकिड्यांच्या दोन अळ्या शांतपणे तो मावा खात होत्या.

"शेषराव, काही मारू नका," ते म्हणाले. त्यांचा आवाज ठाम होता. "थोडा मावा हाय, पण त्याले खाणारेही हायत. फवारलं तर आधी तेच मरतील. आठ दिवस थांबा. तुमच्या जिवालेही आराम."

 शेषरावांनी पान उचलून जपून खिशात ठेवले आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"चष्म्याचा नंबर वाढला वाटते तुमचा, अकीलभाई," ते मायेने म्हणाले. "दाखवून घ्या एखाद्या डॉक्टरले. मी तवरक समोरच्या दुकानात विचारतो."