आडवी भोकं

बापाचा, तोर्लाइफचा, आजचा नेमाचा तिसरा कागद इंगुनने फळीवरून ओरबाडून काढला आणि आणून त्याच्या नाकासमोर धरला. दोन गोळ्या वर्तुळात, दोन बाहेर, एक तर पार कागदाच्या कडेला.

"भोकं बघा, बाबा. गोल आहेत का?"

नव्हती. लांबुळकी होती, गोळी आडवी होऊन घुसल्यासारखी. पण म्हातारा भोकांकडे बघेल तर शपथ. तो आपल्या हातांकडे बघत होता. त्याच्या वडिलांचे हात याच वयात कापायला लागले होते. पुढेपुढे चमचा तोंडापर्यंत पोचेना. आता आपली पाळी, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. उद्या नेमबाजीची परीक्षा, यंदाची शेवटची. ती दिली नाही तर मूस हरणाच्या शिकारीला गावाबरोबर जाता यायचं नाही. आणि हा गडी परीक्षेला जायलाच तयार नव्हता.

इंगुनने सकाळपासून सांगून सांगून घसा कोरडा केला होता. दोष हाताचा नाही, बंदूक आणि गोळीच्या जोडीचा आहे. नळीच्या आत कोरलेले पीळ गोळीला गिरकी देतात. बंदूक जुनी, तिचे पीळ सैल, शिशाच्या आखूड गोळीपुरते. तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाची, पण लांब. तिला गिरकी जास्त लागते. ती मिळाली नाही की मंदावलेल्या भोवऱ्यासारखी डगमगते आणि आडवी होते. शिकारीच्या मांसातून नातवंडांच्या ताटात शिसं नको म्हणून या गोळ्या तिनेच आणून दिल्या होत्या, त्यामुळे ती स्वतःवरही वैतागली होती. जुन्या गोळ्या वापरा म्हणावं, तर त्या त्याने शेजाऱ्याला देऊन टाकलेल्या. माझी बंदूक घ्या म्हणावं, तर उसन्या बंदुकीने पास व्हायची त्याला लाज वाटत होती.

"एवढी महागाची गोळी," तो म्हणाला, "तिला कशाला नावं ठेवतेस? माझा हात गेलाय, एवढंच."

इंगुनचं डोकंच फिरलं. सगळ्या नुमेदाल खोऱ्यात तिच्या नेमाला तोड नव्हती, हे तोही मान्य करायचा. तिने त्याचीच बंदूक घेतली, त्याच गोळ्या भरल्या, पालथी पडली आणि एकामागून एक पाच बार काढले. मग जाऊन कागद पाहिला. एक भोक इकडे, एक तिकडे, सगळी आडवी. इतका भिकार कागद तिने जन्मात मारला नव्हता, आणि तो घेऊन ती अक्षरशः पळत आली. आता तरी पटेल.

तोर्लाइफने कागद उलटसुलट करून पाहिला. मग कागद खाली ठेवून त्याने तिचा उजवा हात आपल्या तळव्यावर घेतला आणि बोटं कापतात का ते वाकून पाहू लागला.

"तुलाही सुरू झालं का गं?" त्याने हळूच विचारलं.

त्याचा तळवा जराही हलत नव्हता.