एकच रिंग

मुलीच्या मोबाइलवर नकाशा उघडा होता. निळ्या समुद्राच्या मधोमध एक इवलंसं विमान, जागीच खिळल्यासारखं. खाली लिहिलं होतं : सहा हजार किलोमीटर बाकी, आठ तास बाकी.

"दादा कुठे आलाय गं?" उशीला अभ्रा घालता घालता आईने विचारलं.

"समुद्रावरच. अर्धी वाटसुद्धा झाली नाही."

पलंग बाहेरच्या खोलीत आणून ठेवला होता. जिना चढणं आता त्याला जमणार नव्हतं. खरं तर हा प्रवासही जमणार नाही, असंच तिकडचे डॉक्टर म्हणाले होते. हृदय थकलंय, विमानात बसू नका. पण त्याने फोनवर एकच धोशा लावला होता, आई, मला घरी यायचंय.

"तू 'ये' म्हणायला नको होतंस," मुलगी म्हणाली.

"तो विचारत नव्हता गं, सांगत होता." आईने अभ्र्याची टोकं ओढून सरळ केली. "आणि आठ तासांचं काय घेऊन बसलीस? लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानातून यायला त्याला तास लागायचा. वाटेतल्या प्रत्येक कुत्र्याची ख्यालीखुशाली विचारत यायचा."

मुलीला हसू आलं. तेवढ्यात कोपऱ्यातला जुना फोन वाजला.

एकदाच. मग थांबला.

मुलगी उठली होती, ती तशीच उभी राहिली. तो फोन घरात उरला होता तो केवळ दादासाठी. तो पहिल्यांदा परदेशी गेला तेव्हा फोनवर बोलणं परवडत नसे. म्हणून ठरलं होतं, पोहोचलास की एक रिंग दे आणि ठेव. इकडे कुणी उचलायचा नाही. एकदा मुलीने चुकून उचलला, तर आईने तिला दोन दिवस ऐकवलं होतं. पुढे घरोघरी मोबाइल आले, चेहरा बघत बोलता येऊ लागलं, पण दादाची ती रिंग कधी चुकली नाही. जाताना आणि येतानाही. विमानातून उतरला की आधी रिंग, मग सामान.

"राँग नंबर असेल," मुलगी म्हणाली.

आईने उशी पलंगावर ठेवली, तिच्यावर हलकेच थाप मारली. दाराची कडी काढली. मग खिडकीचा पडदा ओढला. झोपताना त्याच्या डोळ्यांवर उजेड आलेला त्याला कधी चालत नसे.

"आई, हे बघ ना!" मुलीने मोबाइल तिच्यासमोर धरला. "विमान चाललंय. समुद्रावर आहे अजून. तो कसा पोहोचेल?"

आईने मोबाइलकडे पाहिलंही नाही. ती पलंगाच्या अगदी कडेला, जागा सोडून बसली. पायथ्याची चादर तिने हळूच उशीपर्यंत ओढली.

"विमान येईल त्याच्या वेळेला," ती म्हणाली. "तू जरा हळू बोल. दमून आलाय."