बिनडिंकाची गाठ

नत्थुजी दुधाची केटली घेऊन फाटकाबाहेर पडले आणि गोदाबाईंनी गोधडी शिवायची सुई उचलली. टेबलावर जहाज उभं होतं. हातभर लांब, तीन डोलकाठ्यांचं, शिडांभोवती मेण चोळलेल्या दोऱ्यांचं जाळं विणलेलं. त्या जाळ्यातली एक गाठ नवरा घरात यायच्या आत सोडायची, हा गोदाबाईंचा रोजचा चोरटा उद्योग होता.

नत्थुजी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कधीकाळी कॅलेंडरवर शिडाच्या जहाजाचं चित्र पाहिलं आणि तेव्हापासून माणूस पार वेडा झाला. जुन्या खोक्यांच्या फळ्या, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, रिळाचा दोरा, एवढ्यावर एकेक जहाज उभं राहायचं. माप इतकं काटेकोर की शिडीची पायरी तिळाएवढी असली तर तिळाएवढीच. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. शेजारचे सूर्यभान चिडवायचे, "नत्थुजी, मोर्णा नदीत म्हैस बुडत नाई, अन् तुमी जहाज कुठी सोडता?" यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते नत्थुजीच.

मग ती वर्षं आली. कापसाला भाव उरला नाही आणि गावोगावच्या नको त्या बातम्या पेपरात रोज येऊ लागल्या. गोदाबाई पेपर आधी आपल्या हातात घ्यायच्या आणि ते पान फडताळातल्या डब्यांखाली अंथरून टाकायच्या. जिनिंगला कुलूप लागलं. हसणारा माणूस मुका झाला. जेवला तर जेवला, नाही तर नाही. एक दिवस त्यांनी आपली पान्ह्यांची पेटी उचलून सूर्यभानांना देऊन टाकली. ज्या पेटीला कधी कुणाला हात लावू दिला नाही, ती!

"काऊन देली?" गोदाबाईंनी विचारलं.

"मले आता काय कराची? एवढं जहाज पुरं झालं का मी सुटलो, गोदे."

सुटलो म्हणजे काय, हे त्या वर्षांत वऱ्हाडातल्या कोणत्याच बाईला समजावून सांगावं लागत नव्हतं. पण उलटून विचारायचं कसं? अभद्र बोललं की त्याला वाट मिळते, असं गोदाबाईंची आई म्हणायची. त्यांनी तोंड मिटलं आणि दुसऱ्या दिवशी सुई हाती घेतली.

जहाजाचं एक बरं असतं. त्यातला एक दोर ढिला पडला की त्याच्या जोरावर ताणलेले बाकीचे सगळे लोळतात, आणि दिवसभराचं काम पुन्हा करावं लागतं. पहिल्या दिवशी मात्र बाईंचा घाम निघाला. नत्थुजींची पद्धत अशी की गाठ मारली की तिच्यावर बाभळीच्या डिंकाचा थेंब ठेवायचा. वाळला की गाठ दगडासारखी. ती एक गाठ सोडता सोडता बाई रडकुंडीला आल्या. पण पुढं देवच पावला. रोज शोधलं की एक तरी गाठ अशी सापडायची, जिच्यावर डिंक लावायचा राहून गेलेला असायचा. नुसती सुई घातली की सुटायची.

म्हातारा विसरभोळा झाला, दुसरं काय! बाकीच्या बाया नवऱ्याच्या तब्येतीसाठी नवस बोलतात. गोदाबाई राजेश्वराच्या देवळात जाऊन हात जोडायच्या, "देवा, उपकार झाले तुये. यांचं डोकं असंच राहू दे." नत्थुजी लोळलेले दोर बघायचे, "मांजर लई मातलं," म्हणून पुटपुटायचे आणि पुन्हा बांधायला बसायचे. बिनगुन्ह्याचा आळ येतो म्हणून त्या मांजराला बाई दूधही जास्त घालायच्या.

असा उन्हाळा सरला. नत्थुजी पोटभर जेवू लागले. परवा तर भाजीत मीठ कमी पडलं म्हणून चांगले भांडलेसुद्धा. त्या भांडणानं बाईंना केवढं गोड वाटलं! पदराआड हसू लपवून त्यांनी मुकाट्यानं मीठ वाढलं.

आज मात्र सुई फिरून फिरून थकली. पुढची डोलकाठी झाली, मधली झाली, मागची झाली. प्रत्येक गाठीवर डिंकाचा थेंब वाळून चकाकत होता. एकही ढिली नाही. जहाज पुरं झालं होतं.

गोदाबाईंनी सुई टाकली आणि कोनाड्यातली कातर घेतली. पहिल्या दोराला ती लावली, तोच दारात नत्थुजी उभे.

"कातर ठेव, गोदे."

"नाई ठेवत! समदं कापून टाकतो मी. जहाज झालं का तुमी..." त्या मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडू लागल्या.

नत्थुजींनी केटली ठेवली. त्यांच्याजवळ बसून हातातली कातर हळूच काढून घेतली.

"तवा बोललो ते खरंच बोललो होतो. जायाचंच होतं मले. आता नाई जायाचं. म्हणून काल समद्या गाठीले डिंक लावला."

गोदाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "म्हंजे मांजर नाई, मी सोडतो, हे तुमाले ठाऊक होतं?"

"पयल्याच दिवशी खिडकीतून पायलं म्या. वाळल्या डिंकाची गाठ सोडता सोडता रडकुंडीले आली होती तू. म्हटलं, बाई माहा एकच दिवस मागून रायली, तर देऊ तिले." नत्थुजींनी खाली पडलेली सुई उचलली. "दुसऱ्या दिवसापासून रोज एक गाठ तुयासाठी बिनडिंकाची ठेवत आलो."