शेवटच्या चार नोंदी

"एकविसाव्या आठवड्यापासून भेग हललीच नाही?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वहीतून मान वर केली.

"नाही सर. एक मिलिमीटरसुद्धा नाही."

टेपचा आवाज अगदी शांत होता. बॅगेत कायम मोजायची टेप, म्हणून अख्खा भूगोल विभाग तिला टेपच म्हणायचा.

पदवीला ऑनर्स हवं असेल तर प्रकल्पात चोवीस आठवड्यांच्या चोवीस नोंदी हव्यात. एक जरी राहिली, तरी ऑनर्स विसरा. डोंगरावरची भेग टेपने वीस आठवडे इमानाने मोजली. एक खुंटी भेगेच्या अलीकडे, एक पलीकडे, मधलं अंतर किती वाढलं ते दर आठवड्याला वहीत. मग कावीळ झाली आणि ती अंथरुणाला खिळली.

"तुझ्या प्रकल्पाच्या मॅडमना सांगून टाक ना," ताई म्हणाली होती.

"मॅडमना? त्या काविळीलाच विचारतील, परवानगी घेऊन आलीस का म्हणून."

चोविसाव्या आठवड्यात ती कशीबशी वर चढली. पलीकडची खुंटी हातभर खाली गेली होती. खुंटीच काय, तिकडची सगळी जमीनच. हे लिहावं, तर पहिला प्रश्न ठरलेला: नेमकी कोणत्या आठवड्यात खचली? त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

तिने घरी येऊन चार शून्यं लिहिली. उताराखालची घरं तर भेगेमुळे केव्हाच रिकामी केली होती, माणसं शाळेच्या वर्गांत राहत होती. कुणाचं काय बिघडणार होतं?

"वीस आठवडे रुंदावत गेली आणि मग एकदम गप्प," परीक्षक म्हणाले. "रुसली की काय?"

"पाऊस संपला सर. माती वाळली, धरून बसली."

"आणि मोजायला तू स्वतः जायचीस?"

"दर रविवारी."

परीक्षकांनी पेन दोनदा टेबलावर आपटलं. मग त्यांनी सही केली आणि वही मिटली.

अर्ध्या तासाने मॅडम बाहेर आल्या. "ऑनर्स मिळालं. विभागात पहिली आहेस."

ताईने तिला घट्ट मिठी मारली. "बघ, उगीच जीव टांगणीला लावला होतास आमचा."

टेपला हसू आवरेना. संपलं एकदाचं. आता कुणीही ती वही उघडणार नव्हतं.

मॅडम सहसा कुणाचं कौतुक करत नसत. आज मात्र त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझं काम मी कपाटात पडू दिलं नाही हं. तहसील कार्यालयात भेग मोजणारं कुणी नव्हतंच, म्हणून तुझ्या शेवटच्या चार नोंदी मीच तिकडे पाठवल्या. त्या बघूनच साहेबांनी शाळा रिकामी करायला सांगितली. काल सगळी माणसं, लेकराबाळांसकट, आपापल्या घरी परत गेली."