परगावची उदाहरणं

"पाहुण्यांची नावं घेण्यातच अर्धं भाषण संपतंय. तोवर बाया भाकऱ्या थापायला घरी जातील," गोदाक्का शेजारणीच्या कानाशी कुरकुरली. भाषण लिहिणारी शालन गोदाक्काची सूनच. तिनं ते ऐकून पाहुणे खोडले.

दोन दिवसांनी गावात मतदान होतं. दारूचं दुकान बंद व्हायचं, तर निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा होता. नवऱ्यांच्या धाकानं किती जणी घराबाहेर पडतील, देव जाणे. त्यांना बाहेर काढायचं ते उद्याच्या भाषणानंच.

"आता एक उदाहरण पाहिजे," शालन म्हणाली. "काळजाला हात घालणारं."

अंगणवाडीत जमलेल्या बायांनी उदाहरणांची रास घातली. नदीपलीकडचा ड्रायव्हर, कुणाच्या मावससासऱ्याचा जावई, शहरातला कुठलासा मास्तर. दारूनं मेलेली माणसं सगळी परगावचीच निघाली. या गावात कुणी झटक्यानं गेला होता, कुणी पाय घसरून विहिरीत. शालनचा नवरा काविळीनं. ती वर न बघता लिहीत राहिली, आणि बायाही तिच्याकडे बघायचं टाळत राहिल्या.

"खोड ते सगळं," भिंतीवरच्या बाराखडीकडे बघत गोदाक्का म्हणाली. आवाज नेहमीचाच, खरखरीत. "आणि लिही, माझा लेक दारूनं मेला. कावीळ झाली म्हणून मीच गावभर सांगितलं, आणि तुलाही तेच सांगायला लावलं."