दिव्यावरचं उंबराचं फूल

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. एकदा त्यांच्या दुकानातल्या टेबलावरच्या दिव्याला केसासारख्या देठांवर पांढरे ठिपके फुटले.

“उंबराचं फूल,” बाबा हरखले. “बुद्ध जन्मणार असेल तरच उमलतं म्हणतात.”

“किड्याची अंडी आहेत ती,” ताई म्हणाली.

“असू देत. फुंकर मारू नकोस.”

वाकून काम करताना त्यांच्या श्वासाने फुलं डुलायची. नाजूक स्प्रिंग बसवताना मात्र बाबा श्वास रोखायचे, आणि फुलंही स्तब्ध व्हायची.

बाबा गेल्यावर काल प्रथमच दुकान उघडलं. दिव्यावर पुन्हा तशीच फुलं. ताईचंच खरं, म्हटलं. पण पंखा बंद होता, मी अजून दारातच होतो, आणि फुलं संथ डुलत होती.

खुर्चीत बसून बाबांचं अर्धवट राहिलेलं घड्याळ पुढ्यात ओढलं. चिमट्यात स्प्रिंग उचलली.

फुलं थांबली. श्वास तर मी घेतच होतो.