टॉवेलची दांडी

डेल टॉवेलच्या दांडीला लोंबकळत होता. दोन्ही पाय वर घेतलेले. एवढा भरभक्कम गडी, पण दांडी तसूभरही हलली नाही.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "हिला टॉवेल कसला, सांबर बांधून ठेव. आणि तीही कुठं ठोकलीय, तर कमोडच्या शेजारी."

सिग्नेला हसू आलं नाही. तिनं कंत्राटदाराचा नंबर शोधून ठेवला होता. झाल्या त्या चुका पैसे मोजून सुधारायच्या, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं.

याच कंत्राटदारानं तळघर नीट करून द्यायचे पंचेचाळीस हजार डॉलर सांगितले होते. डेलला मित्रांना जमवून फुटबॉल बघायला एक खोली हवी होती, बाकी काही नाही. तो आकडा ऐकून सिग्नेचे बाबा, ऑर्विल, म्हणाले होते, "एवढ्यात तर माशांसकट अख्खं तळं विकत मिळेल. आम्ही करतो की. मी आणि जावई. बारा हजारांत उरकतंय."

बारा हजारांत उरकत आलंही होतं. डेलचं एक नख, कंबर आणि पानगळीपासूनचे सगळे शनिवार त्यात धरलेले नव्हते. दुकानाच्या खेपाही नव्हत्या. एक खिळा आणायचा तर तीन खेपा. पहिल्या खेपेला चुकीचा, दुसऱ्या खेपेला कमी. ऑर्विलचा मोठा पिकअप दारात उभा असायचा, पण मागं ताडपत्री करकचून बांधलेली. "जागा नाही रे," एवढंच म्हणायचे. लाकडं डेलच्या छोट्या गाडीतून यायची, खिडकीबाहेर शेपूट काढून.

आणि चुका. दार एवढं रुंद की पियानो आडवा जाईल. दिव्याची बटणं कमरेशी. न्हाणीला उंबराच नाही. न्हाणीसुद्धा ऑर्विलचाच हट्ट. "तुझे दोस्त बिअर पितात. धावतपळत वर किती वेळा जातील?"

"चाळीस वर्षं शाळांची दारं-खिडक्या बसवली यांनी," डेल आवाज खाली आणून म्हणाला. "एक सूत चुकले नाहीत. आता नजर गेली ग त्यांची. मान्य कर."

ते मान्य करायचं म्हणजे बाकीचंही मान्य करायचं. आई गेल्यापासून बाबा उत्तरेला तळ्याकाठी एकटेच राहत होते. मागच्या हिवाळ्यात पायरीवरच्या बर्फावरून घसरले, आणि शेजाऱ्याचा कुत्रा येईपर्यंत तसेच पडून राहिले. नंतर हसत सांगत होते, "आभाळ छान होतं ग. धरायला काही नव्हतं, एवढंच."

बर्फ वितळल्यावर सिग्ने त्यांना म्हणाली, बाबा, आमच्याकडे राहायला या. ते म्हणाले, छे, कशाला. उन्हाळ्यात पुन्हा म्हणाली. ते म्हणाले, नको ग, बरं चाललंय माझं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. मिनेसोटात पहिलं नाही रीतीचं, दुसरं नाही मानाचं, तिसरं मात्र मनाचं. ते एकदा ऐकलं की विषय संपला. तिला ते ऐकायचं नव्हतं.

डेल पडला टेक्ससचा. त्याला हे कधी कळलंच नाही; पहिल्याच 'नको'ला तो ताट उचलायचा. लग्नानंतर वर्षभर त्याच्या घरून पाहुणे उपाशी परत जात होते.

सिग्नेनं फोन हातात घेतला आणि खिडकीखालच्या बाकावर बसली. बाकही चुकलेलाच, चार बोटं जास्त उंच. बसताना गुडघे कुरकुरले नाहीत. हात सहज बाजूला गेला, तो थेट दिव्याच्या बटणावर. दिवा लागला.

तिनं दाराकडं बघितलं. काठी टेकत, कुणाचा हात धरून, दोन माणसं शेजारी शेजारी आत येऊ शकतील असं दार. अडखळायला उंबरा नाही. आणि कमोडच्या शेजारी ती दांडी.

धरायला काही नव्हतं, एवढंच.

तिनं फोन खिशात टाकला.

डेल पुन्हा दांडीला लोंबकळून बघत होता, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ऑर्विल रंगाचा डबा घेऊन, एकेक पायरी चाचपत खाली आले. "काय रे डेल, दांडीला का लोंबकळतोयस? लग्नात काही कमी पडलं का?"

"ऑर्विल, ही टॉवेलसाठी आहे ना?"

"टॉवेलच. ओले टॉवेल फार जड असतात."

सिग्ने थर्मास घेऊन उभी राहिली. "कॉफी, बाबा?"

"नको ग."

"गरम आहे."

"उगाच कशाला."

"अर्धा कप तरी."

"बरं. अर्धा."

तिनं कप काठोकाठ भरला. थोडी कॉफी नव्या फरशीवर सांडली.

"बाबा," ती म्हणाली, "इथं राहायला या."

डेल पुढं झाला. "सिग्ने, अग, दोनदा नाही म्हणालेत ते. किती मागं लागायचं माणसाच्या?"

ऑर्विलनी कॉफीवर फुंकर मारली. एक घोट घेतला. मग दुसरा. बाहेर भुरभुर बर्फ सुरू झालं होतं.

"एवढं म्हणतेस तर," ते म्हणाले. मग जावयाकडं वळले. "डेल, पिकअपची ताडपत्री सोड जरा. माझा पलंग आहे तिच्याखाली. जपून उतरव हं, उन्हाळ्यापासून तसाच बांधून ठेवलाय."